शेवटून दुसऱ्या बाकावरून

लेखनकौशल्याचा तास चालू आहे. सर बोलतायत, फळा भरत आलाय, वर्ग शांत आहे, पेनं हलतायत. व्हरांड्यातून राउंडला निघालेल्या प्राचार्यांना वाटावं, झकास चाललंय. शेवटून दुसऱ्या बाकावर बसून शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावलं, तर तिथे ‘अर्जलेखनाची व्याख्या’ सुवाच्य अक्षरात उतरवलेली असते. अर्ज मात्र नसतो. ४८ मिनिटांत स्वतःच्या मनातलं एक वाक्यही वर्गात कुणी लिहिलेलं नसतं.

नव्या शिक्षकाचा तास बघायला जाणाऱ्याने सगळ्यात आधी बघायचं ते हे. पुढच्या बाकावर बसून सरांकडे बघत राहिलं तर नेमकं हेच दिसत नाही.

हा तास बहुतेक कॉलेजांत एईसीचा, म्हणजे क्षमतावर्धन अभ्यासक्रमाचा असतो. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. पटावर ऐंशी ते शंभर मुलं, आणि शिकवायला विभागातला सगळ्यात नवा माणूस. ज्येष्ठ मंडळी काव्यशास्त्र, भाषाविज्ञान, साहित्यप्रकार वाटून घेतात. उरतं ते लेखनकौशल्य, कारण ते ‘सोपं’. प्रत्यक्षात कादंबरीवर तास घेणं त्याहून कितीतरी सोपं. तिथे बोलायला कादंबरी तरी असते. इथे मुलांकडून काहीतरी घडवून घ्यायचं असतं, आणि ते कसं घ्यायचं हे या नव्या माणसाला आजवर कुणी दाखवलेलंच नसतं.

त्याची तयारी काय झालेली असते ते बघा. नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा: पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, एकूण ३०० गुण, सगळे प्रश्न बहुपर्यायी. त्यात अध्यापन अभियोग्यतेवर पाच प्रश्न, तेही हाताला खडू न लागता सोडवायचे. वरिष्ठ महाविद्यालयाला बी.एड. लागत नाही. उलट शाळेत आठवीला शिकवणाऱ्याने बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनाच्या फेऱ्या केलेल्या असतात: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सूचना ऐकायच्या, बारा मिनिटांत पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकायचं. ३६ मिनिटांचं हे चक्र आपल्याकडे स्टॅनफर्डच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांवरून आलं. बी.एड.च्या मुलांना ते नाटकी वाटतं, थोडं असतंही. पण निदान त्यांना कुणीतरी शिकवताना पाहिलेलं असतं. पदवीला शिकवणाऱ्याचं शिकवणं मुलाखतीतल्या पाच मिनिटांच्या डेमोपलीकडे कुणी पाहिलेलं नसतं, आणि तो डेमोही टेबलापलीकडे बसलेल्या तज्ज्ञांसमोर दिलेला.

आता या माणसाच्या वर्गात विभागप्रमुख वही घेऊन मागे बसले की त्याला काय वाटत असेल? तो सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असतो. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. तासिकांच्या बिलावर त्याच विभागप्रमुखांची सही. त्यामुळे मागे बसलेलं माणूस म्हणजे पुढच्या जूनची मुलाखत आजच सुरू झाली, असंच त्याला वाटणार. तुम्ही कितीही हसरा चेहरा करून बसा. म्हणून शक्य असेल तिथे तास बघणाऱ्याने निवड समितीत असू नये. विभागातल्याच दुसऱ्या कुणी, किंवा शेजारच्या हिंदी-इंग्रजी विभागातल्या अनुभवी माणसाने बसावं. ते जमत नसेल तर निदान आधी स्पष्ट सांगावं की आजचा कागद फाइलला लागणार नाही, तो तुमचा. आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, नॅकच्या मूल्यांकनासाठी पुरावा हवा असतो, तर त्यांना तारीख, वर्ग आणि दोघांच्या सह्या एवढंच द्यावं. मजकूर फाइलला जाणार हे कळलं की बघणाराही जपून लिहितो, आणि जपून लिहिलेल्या सूचना कुणाच्याच उपयोगाच्या नसतात. ‘विषयाची मांडणी उत्तम, विद्यार्थ्यांशी संवाद समाधानकारक.’ अशी वाक्यं कुठल्याही तासाला न बसताही लिहिता येतात. लिहिलीही जातात, म्हणा.

आदल्या दिवशी दहा मिनिटं बोलून घ्यावं. दोन प्रश्न पुरतात. पहिला: उद्या तास संपेल तेव्हा मुलांच्या वहीत काय असेल? याचं उत्तर बहुधा ‘अर्जलेखन हा घटक पूर्ण होईल’ असं येतं. हे पोर्शनचं उत्तर झालं, वहीचं नाही. एकदाच पुन्हा विचारावं, जास्त ताणू नये. उद्याचा तास आपण आखून द्यायला आलेलो नाही. दुसरा प्रश्न: मी कशाकडे बघू? यावर ‘सगळंच बघा ना सर’ असं उत्तर आलं तर दोन-तीन पर्याय द्यावेत. प्रश्न कुणाकुणाला जातात ते बघू? सूचना मागच्या बाकांपर्यंत पोचतात का ते? की वेळ कुठे जातो ते? त्यांनी एक निवडला की तास थोडातरी त्यांचा होतो.

वर्गात त्यांच्याबरोबरच जावं. पाच मिनिटं उशिरा शिरलं की तास तिथेच मोडतो. मुलांना एका वाक्यात सांगावं, ‘मी आज बसणार आहे, तुमची परीक्षा नाही’, आणि मागे जावं. अगदी शेवटचा बाक नको, तिथली मंडळी वेगळ्याच उद्योगात असतात आणि तुम्ही बसलात की एकदम सज्जन होतात. शेवटून दुसरा, भिंतीकडचा बाक बरा. तिथून फळ्याचा खालचा भाग दिसतो का तेही कळतं. पुष्कळ वर्गांत दिसत नाही. पंख्याच्या आवाजात शब्द कुठे विरतात ते तर तिथे बसल्याशिवाय कळतच नाही. मोबाइल बंद. तास संपेपर्यंत उठायचं नाही, मान डोलवायची नाही, मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी ‘अहो, तसं नाही’ म्हणायचं नाही.

कागद आडवा धरून तीन रकाने आखावेत: वेळ, पुढे काय चाललंय, बाकांवर काय चाललंय. पहिले दोन सगळेच भरतात. खरं काम तिसऱ्यात. दर पाच मिनिटांनी नजर फिरवून डोकी मोजायची आणि दोन अक्षरांत नोंद करायची: ‘उ’ म्हणजे फळ्यावरचं किंवा सांगितलेलं उतरवून घेणारे, ‘लि’ म्हणजे स्वतःचं लिहिणारे. ही दोन अक्षरं वेगळी ठेवली नाहीत तर हलणारी पेनं बघून फसायला होतं. दुसऱ्या रकान्यात शेरे नकोत, बोललेले शब्द हवेत. ‘प्रश्न विचारण्याची पद्धत सदोष’ असं लिहिलं तर नंतर वाद होतो. ‘“मागच्या तासाला काय झालं?” – लगेच स्वतःच सांगितलं’ असं लिहिलं तर वादाला जागाच उरत नाही.

अशा तासाचं पान साधारण असं दिसतं.

१०.२० – हजेरी. ८४ नंबर. बाकांवर गप्पा.
१०.२६ – फळ्यावर ‘अर्जलेखन’. मागच्या तासाची उजळणी, प्रश्न आणि उत्तर दोन्ही सरांकडून.
१०.२९ – व्याख्या, दोनदा सांगितली. उ ६०, लि ०.
१०.३५ – अर्जाचे पाच प्रकार. उ ५५, लि ०.
१०.४३ – ‘समजलं का?’ ‘हो सर’ (पहिले दोन बाक).
१०.४५ – अर्जाचा नमुना फळ्यावर, पाठ वर्गाकडे. उ ५०, लि ०. मागे दोघं फोनमध्ये.
१०.५८ – ‘काही शंका?’ नाही. ‘समजलं ना सगळ्यांना?’
११.०१ – नमुन्याचं वाचन.
११.०५ – ‘उद्या एक अर्ज लिहून आणा. विषय कोणताही.’
११.०८ – बेल.

यातलं सगळ्यात महागडं वाक्य ११.०५ चं आहे. लेखनाच्या तासातलं एकमेव लेखन घरी पाठवलं, तेही बेल व्हायला तीन मिनिटं असताना, विषय न देता. ‘विषय कोणताही’ म्हटलं की उद्या चाळीस अर्ज ‘शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत’ येतात, कारण तोच बारावीच्या गाइडमध्ये होता. आणि जे आणणार नाहीत त्यांच्यासाठी उद्याच्या तासातली दहा मिनिटं रागावण्यात जातील.

‘समजलं का?’ची गोष्टही मोजून ठेवावी. नवा शिक्षक हे एका तासात किती वेळा म्हणतो हे त्याला स्वतःला माहीत नसतं. तो प्रश्न नसतोच, तो दम घ्यायला थांबणं असतं. मुलंही ते ओळखून असतात; ‘हो सर’ हा त्यांचाही दम. खऱ्या प्रश्नाचं वेगळं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतल्या ध्वनिफिती तपासून १९७०च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. आणि ते तीन सेकंदांहून जास्त थांबू लागले की उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून मनातल्या मनात ‘एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती’ म्हणून बघा. दुसऱ्या गणपतीलाच उत्तर आपल्या ओठांवर येतं. मागे बसणाऱ्याने हे थांबणं असंच मोजावं आणि आकडा नुसता कागदावर मांडावा.

नकाशाही काढून ठेवायला हरकत नाही: बाकांच्या चौकटी, आणि ज्याला प्रश्न गेला त्या चौकटीत टिंब. आपल्याकडे मुलींच्या रांगा एका बाजूला, मुलांच्या दुसऱ्या. टिंबं बहुधा एकाच बाजूच्या पुढच्या दोन बाकांवर दाटतात. शिक्षक उजव्या हाताने फळ्यावर लिहून ज्या बाजूला वळतो ती बाजू बोलकी, दुसरी मुकी. एवढं साधं कारणही त्यामागे असू शकतं.

एक गोष्ट मात्र बोलण्याच्या वेळेपर्यंत थांबू शकत नाही. सरांनी नमुन्याच्या डोक्यावर ‘प्रती,’ असं दीर्घ लिहिलं, आणि पन्नास वह्यांत ते तसंच गेलं. अर्जाच्या वरचं ‘प्रति’ ऱ्हस्व. ते तत्सम अव्यय. दीर्घ ‘प्रती’ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातल्या. वर्गात बोलायचं नाहीच. बेलनंतर व्हरांड्यात, चालता चालता, एका वाक्यात सांगून टाकायचं, म्हणजे पुढच्या तासाला ते स्वतःहून दुरुस्त करतील. ही चूक मोठ्या बोलण्यात आणली तर सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरतं, आणि लेखन शिकवणं म्हणजे वेलांटी सांभाळणं हा त्यांचा समज पक्का होतो.

बोलायला कुठे बसायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. स्टाफरूममध्ये नको, तिथे भिंतींना कान नसतात, माणसांनाच असतात. विभागप्रमुखांच्या टेबलापलीकडे तर अजिबात नको. ग्रंथालयाचा कोपरा, रिकामा वर्ग, कॅन्टीनची कडेची बाकडी चालतील. वेळ वीस-पंचवीस मिनिटं, शक्यतो त्याच दिवशी, पण तासावरून आल्या आल्या नव्हे. सीएचबीवरच्या माणसाला बाराची एसटी पकडून दुसऱ्या कॉलेजला जायचं असतं, हे वेळापत्रक बघूनच दिवस ठरवावा. घड्याळाकडे बघत ऐकलेली सूचना दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

आणि ‘तुम्ही’ म्हणावं. हा नवा माणूस पुष्कळदा याच विभागाचा माजी विद्यार्थी असतो. काल-परवापर्यंत त्याला ‘अरे’ म्हटलेलं. इतर वेळी ते ‘अरे’ मायेचं असेल; या वीस मिनिटांत ते त्याला पुन्हा बाकावर नेऊन बसवतं, आणि मग तो मान हलवत ‘हो सर, हो सर’ करत राहतो. म्हणजे १०.४३ ची नोंदच पुन्हा.

‘छान झाला तास, पण…’ असं सुरू करणाऱ्यांना वाटतं की कौतुकाने सूचना गोड होते. आपल्या भाषेत ‘पण’ इतका घासून गेलाय की तो येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं, आणि त्याच्या आधीचं ‘छान’ कानावरून निघून जातं. कौतुक करायचं तर नेमकं करावं आणि तिथेच थांबावं. ‘नमुना लिहिताना तुम्ही विषयाची ओळ दोनदा खोडून लहान केलीत, ते मुलांनी बघितलं. ते फार चांगलं झालं.’ पूर्णविराम. मग कागद त्यांच्यासमोर सरकवावा.

‘हे बघा. माझं मत यात काही नाही, फक्त वेळ आणि काय चाललं होतं ते.’

वाचू द्यावं. त्या दोन मिनिटांत आपण काही बोलू नये. बघणाऱ्याला हे सगळ्यात अवघड जातं. बहुतेक जण तिसऱ्या रकान्यातले ‘लि ०’ बघून स्वतःच थबकतात.

‘म्हणजे कुणीच लिहिलं नाही?’

‘उतरवून घेतलं सगळ्यांनी.’

‘लिहायला वेळच दिला नाही मी.’

कधी असंही होतं की ते बचावाला उभे राहतात. ‘सर, पण ही पोरं लिहीतच नाहीत. मागच्या आठवड्यात दिलं होतं, नुसता गोंगाट.’ यावर वाद घालू नये. ‘मागच्या आठवड्यात लिहायला काय सांगितलं होतं?’ एवढंच विचारावं. ‘“महाविद्यालयातील माझा पहिला दिवस” यावर निबंध लिहा’ असं असेल तर गोंगाटाचं कारण तिथेच मिळतं: काम एवढं मोठं की सुरू कुठून करायचं हेच मुलांना कळलेलं नाही. न कळलेलं काम समोर आलं की वर्ग बोलायला लागतो.

नवा शिक्षक का बोलत राहतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याला ‘कमी बोला’ सांगणं हा उद्धटपणा आहे. त्याने एम.ए.ला दोन वर्षं ऐकलेले तास व्याख्यानांचे होते. चांगला तास म्हणजे चांगलं व्याख्यान, एवढाच नमुना त्याच्यापाशी. परीक्षेत ‘अर्जलेखनाचे घटक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, मग मुलंच म्हणतात, सर, नोट्स द्या. त्याची तासिकांची बिलं तासावर असतात, आणि सात मिनिटं गप्प उभं राहायचं म्हणजे त्याला वाटतं, हे सात मिनिटांचे पैसे फुकटचे. शिवाय वर्ग शांतपणे लिहीत असताना नेमके प्राचार्य दारावरून गेले तर? वर्गात बोलत नसलेला शिक्षक म्हणजे रिकामा शिक्षक, हा समज आपल्या व्हरांड्यांत फार जुना आहे. त्यामुळे विभागप्रमुखांनी तोंडाने सांगून टाकावं: ‘मुलं लिहीत असताना तुम्ही बोलत नसाल तर मला आनंद आहे. प्राचार्यांना मी सांगतो.’ शिकवण्याच्या दहा तंत्रांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाला येतं.

मग एकच बदल ठरवावा. बघताना आपल्याला चौदा गोष्टी दिसलेल्या असतात, त्यातल्या तेरा खिशात ठेवायच्या. आवाज, फळा, ‘समजलं का’, हजेरी, सगळं एका दिवशी ओतलं तर पुढच्या तासाला तो माणूस फक्त अवघडलेला दिसतो. या तासासाठीचा बदल उघड आहे: पहिल्या वीस मिनिटांत मुलांनी काहीतरी स्वतःचं लिहायचं.

तो कसा बसवायचा, याचा हिशेब दोघांनी मिळून तिथेच कागदावर करावा. हजेरी कागद फिरवून घेतली की पाच-सहा मिनिटं सुटतात. नमुना आधी नाही, नंतर. फळ्यावर एकच परिस्थिती लिहायची: ‘कॉलेजची वेळ सव्वासातची झाली आहे, तुमच्या गावाची पहिली बस साडेसातला पोचते.’ त्याखाली तीन ओळींचं काम: अर्ज कुणाला? नेमकं काय हवं? कधीपासून? प्रत्येकाचं उत्तर एका पूर्ण वाक्यात. सात मिनिटं, वेळ फळ्यावर लिहून. त्या सात मिनिटांत सरांनी रांगांमधून फिरायचं, वाचायचं, काही बोलायचं नाही. फक्त दोन अशा वह्या हेरायच्या ज्यांत मागणी वेगवेगळ्या तऱ्हेने मांडली आहे. मग तीन मिनिटं शेजाऱ्याशी वही बदलून, ज्या वाक्यात मागणी आहे त्याखाली रेघ मारायची. रेघ मारायला जागा सापडली नाही तर तसं सांगायचं. त्यानंतर हेरलेल्यांपैकी एकाला विचारून त्याचं वाक्य फळ्यावर घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून ते घासायचं, आठ-दहा मिनिटं. आता अर्जाचा नमुना दाखवला की मुलं त्यात स्वतःची तीन वाक्यं कुठे बसतात ते शोधतात. व्याख्या? ती पाठ्यपुस्तकात आहे, घरी वाचतील.

पहिल्यांदा हे फसतं ते सूचनांमुळे. ‘चला, लिहा आता’ असं तोंडी सांगितलं की मागचे बाक एकमेकांना विचारतात, काय लिहायचंय रे? आणि तिथून आवाज चढतो. काम फळ्यावर लिहिलेलंच हवं. दुसरं फसतं ते सर मध्येच बोलतात म्हणून. तिसऱ्या मिनिटाला त्यांना एखादी सूचना आठवते, ते ‘आणि हो, एक लक्षात ठेवा’ म्हणतात, आणि लिहायला लागलेली ऐंशी डोकी वर होतात. ती पुन्हा खाली जायला आणखी दोन मिनिटं जातात.

तासाइतकाच तपासलेल्या वह्यांकडेही बघायला हवं, आणि माझ्या मते तिथे जास्त कळतं. पाच वह्या मागाव्यात: दोन चांगल्या, दोन मधल्या, एक कच्ची. समजा, एकीत हा मजकूर आहे:

‘महोदय, मी आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थीनी असून माझे गाव येथून २२ किलोमिटर आहे व मी रोज एसटी ने ये जा करते. मागच्या महिन्यात मला पास भेटला नाही कारण कॉलेज चे सही शिक्क्याचे पत्र उशीरा भेटले तरी माझी अडचण समजून घ्यावी ही नम्र विनंती.’

त्यावर आठ लाल खुणा. ‘विद्यार्थिनी’, ‘किलोमीटर’, ‘एसटीने’, ‘ये-जा’, ‘मिळाला’, ‘कॉलेजचे’, ‘उशिरा’, ‘मिळाले’. प्रमाण भाषेच्या हिशेबाने आठही खुणा बरोबर. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठराही नियम सरांना पाठ असावेत. पण या मुलीला हवंय काय? प्राचार्यांनी अर्ज वाचला, अडचण समजून घेतली, पुढे? पासचं पत्र दर महिन्याच्या अमुक तारखेच्या आत मिळावं, हे तिने कुठेच म्हटलेलं नाही. वही परत गेल्यावर ती आठ शब्द दुरुस्त करेल, अर्ज निर्दोष होईल, आणि तरी पास पुढच्या महिन्यातही उशिराच मिळेल.

ही एक वही समोर ठेवून विचारावं, ‘सर, तुम्ही प्राचार्य आहात. या अर्जावर काय शेरा माराल?’ बाकी काही सांगावं लागत नाही.

त्या आठ खुणाही एका जातीच्या नाहीत, हे बोलण्यात यावं. ‘एसटी ने’, ‘कॉलेज चे’ ही फोनच्या कीबोर्डची सवय. शब्द निवडला की तो आपोआप जागा सोडतो, आणि प्रत्यय तुटून पडतो. एकदा सगळ्या वर्गाला सांगितलं की पुरतं, ऐंशी वह्यांत लाल करायची गरज नाही. ‘उशीरा’ ही नियम न कळल्याची चूक. उशीर-उशिरा, पण शरीर-शरीराला असं शेजारी ठेवून दाखवलं की तद्भव-तत्समाचा फरक ध्यानात येतो. आणि ‘भेटला’ ही चूकच नाही. राज्याच्या किती तरी भागांत घरी पास भेटतो, पगार भेटतो, जेवण भेटतं. त्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा मारला की मुलीला कळतं ते इतकंच, की आपल्या घरात चुकीचं बोलतात. ‘घरी भेटतो, अर्जात मिळतो’ असं समासात लिहिलं तर तिला दोन्ही राहतात.

हिशेबही करून द्यावा. ८४ वह्या, प्रत्येकी चार मिनिटं, ३३६ मिनिटं. साडेपाच तासांहून जास्त, बिनपगारी. नवा माणूस हे उत्साहाने दोन आठवडे करतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून नुसत्या बरोबरच्या खुणा मारतो. त्यापेक्षा आठवड्याला बारा वह्या आळीपाळीने, सात आठवड्यांत सगळा वर्ग. प्रत्येक वहीवर दोनच शेरे: एक मजकुरावर, प्रश्नाच्या रूपात (‘प्राचार्यांनी नेमकं काय करावं?’), एक भाषेवर. बाकीच्या बहात्तर जणांसाठी शेजाऱ्याने मारलेली रेघ आहेच.

काही गोष्टी बोलायच्याच नाहीत, निदान पहिल्या खेपेला तर नाहीच. नवे सर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, हे स्टाफरूमच्या कुजबुजीत पहिल्या आठवड्यात येतं. ज्या गावचे मुलगे समोर बसलेत त्याच गावची ती बोली असू शकते, आणि त्या मुलांना ‘आपल्यातला माणूस इथे उभा आहे’ हे त्या ‘न’मधूनच कळत असतं. तासाच्या सूचनांत तो ‘न’ आला की बाकी सगळं पुसलं जातं. माणूस घरी जाताना तेवढंच घेऊन जातो.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बसावं, वीसच मिनिटं, आणि ठरलेली एकच गोष्ट बघावी. तिसऱ्या रकान्यात ‘लि’ पुढे आकडा आला का? ८४ पैकी ३० आला तरी पुष्कळ. ते तीस कोणत्या बाकांवरचे, हे पुढच्या बोलण्याचं निमित्त.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९ साली अशा निरीक्षणाच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या: आधीचं बोलणं, तास बघणं, नोंदींचा विचार, नंतरचं बोलणं, आणि पाचवी, बघणाऱ्याने स्वतःच्या बघण्या-बोलण्याची झडती घेणं. आपल्याकडे पहिल्या चार कशाबशा होतात. पाचवीला सोपी वाट आहे. आपला एखादा साधासुधा तास निवडावा, फार तयारी न केलेला, आणि नव्या सरांना शेवटून दुसऱ्या बाकावर बसवावं. तीन रकाने आखलेला कागद द्यावा. आणि सांगावं की बाकी काही नका लिहू, मी ‘लक्षात आलं ना?’ किती वेळा म्हणतो, तेवढं मोजा.